रोबेकच्या काठची मादाम सेर्वाल

ओनोरीन ओझूचा जन्म रोबेकच्या काठचा. रोबेक म्हणजे काही मोठी नदी नव्हे. रूआँ शहराच्या खालच्या अंगानं वाहणारा ओढाच तो. काठाला ओळीनं रंगाऱ्यांची घरं, आणि ज्या दिवशी ज्याच्या हौदातून जे सुटेल त्या रंगाचं पाणी. वास असा, की वरच्या गावातली माणसं पूल ओलांडताना नाकाला रुमाल लावत. ओनोरीनला त्या वासाचं काहीच वाटत नसे. इथं वास येतो हे तिला पॅरिसला जाऊन परत आल्यावर कळलं.

बाप प्लासिद ओझू निळीचा रंगारी. कोपरापर्यंत हात निळे, आणि रविवारी घासूनपुसून चर्चला गेला तरी नखं निळीच. आई लवकर गेली. पोर बापाच्या हाताखाली ओढ्यात सूत खळबळायची आणि खळबळता खळबळता गायची. शेजारची बाई म्हणायची, "गाणं कसलं, आरडाओरडा आहे मेला." पण चर्चच्या ऑर्गनवाल्याच्या कानावर तो आरडाओरडा गेला. त्यानं तिला चर्चमधल्या गाणाऱ्या पोरींत उभं केलं, सुरांची ओळख करून दिली, आणि एक दिवस निळीच्या हौदापाशी येऊन प्लासिदला म्हणाला, "ओझू, ही पोर इथंच सूत खळबळत राहिली ना, तर पाप लागेल तुला."

"मग सूत कुणी खळबळायचं?"

"दुसरी कुणी ठेव."

"गाणाऱ्या बाईला पोटभर जेवायला मिळतं का पण?"

"चांगलं गायली तर मिळतं."

प्लासिदनं हौदातली काठी कडेला टेकवली, थोडा विचार केला आणि म्हणाला, "रंगाचंही तसंच आहे म्हणा." एवढ्यावर पोर पॅरिसला गेली.

पॅरिसला ती ऑर्गनवाल्याच्या बहिणीकडे राहायची, दिवसभर टोप्या शिवायची आणि संध्याकाळी एका म्हाताऱ्या मास्तरांकडे गळा घासायची. मास्तर खेकसायचे, पण शिकवायचे मन लावून. तयार झाली तेव्हा आवाज स्वच्छ, उंच, सुरेल होता. पॅरिसच्या मोठ्या थिएटरांनी मात्र तिला घेतलं नाही. त्यात कुणाचा काही डाव नव्हता. तिच्याहून बऱ्या गाणाऱ्या होत्या, झालं. अशा बायांना मग गावोगाव फिरावं लागतं. तशी तीही फिरली. आँजे, लिमोज, ब्रेस्ट, थेट दक्षिणेला पेर्पिन्याँ. स्वतःचे पोशाख स्वतः शिवायचे, स्वतःच्या ट्रंकेत भरायचे. सकाळी तालीम, संध्याकाळी खेळ. या आठवड्यात राणी, पुढच्या आठवड्यात गिरणीवाल्याची पोर, मग नन, की परत राणी. मधे एक लग्नही झालं, वाद्यवृंदातल्या एका बासरीवाल्याशी. तो ब्रेस्टला रुळला, हिला पुढल्या गावचं बोलावणं आलं, आणि ते लग्न तिथंच ब्रेस्टला राहिलं.

फिरण्याचं दुःख नव्हतं एवढं; दुःख होतं त्या तीन रात्रींचं. फ्रान्समधल्या गावोगावच्या थिएटरांची रीतच तशी. दर ऑक्टोबरात नवा हंगाम सुरू झाला, की प्रत्येक मुख्य गाणाऱ्यानं गावासमोर तीनदा उभं राहायचं, तीन वेगळी कामं घेऊन. तिसऱ्या रात्री पडदा पडला की फौजदार कमरेला पट्टा बांधून रंगमंचावर यायचा आणि लोकांना विचारायचा, ही बाई ठेवायची का? हवी असेल तर टाळ्या, नको असेल तर शिट्ट्या. फौजदार कान देऊन ऐकायचा आणि निकाल सांगायचा. पास झाली तर वर्षभराची भाकरी. नापास झाली तर करार रद्द, दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलायची आणि गाव सोडायचं. मागल्या वर्षी डोक्यावर घेऊन नाचले असतील, तरी या वर्षी परत तीन रात्री आल्याच. लिमोजनं तिला असंच एकदा पाडलं होतं. सर्दी झाली होती हो! पण पिटातल्या, म्हणजे रंगमंचासमोर खाली बसणाऱ्या लोकांना सर्दीशी काय देणंघेणं?

उन्हाळ्यात थिएटरं बंद असत, तेव्हा ती घरी यायची. बाप विचारायचा, "कसं चाललंय गाणं?" ती म्हणायची, "चाललंय." तो म्हणायचा, "चांगलं गातेस ना?" ती म्हणायची, "ठेवतात बाबा, म्हणजे चांगलंच असेल." यापुढं बोलणं जायचं नाही. चर्चमध्ये पोरगी गायची ते त्यानं ऐकलं होतं. पुरती तयार होऊन, रोषणाईत, पन्नास वाद्यांच्या समोर ती कशी गाते हे मात्र त्यानं कधीच ऐकलं नव्हतं. निळीचा हौद सोडून पेर्पिन्याँला कोण जाणार? आणि वर्षं चालली होती. जिना चढताना त्याला आता दम लागायचा, मधल्या पायरीवर थांबून तो उगाच भिंतीकडे बघत राहायचा. ओनोरीनचीही चाळिशी जवळ आली होती, आवाजाची आणखी थोडीच वर्षं उरली होती, आणि हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिला एकच हवं होतं. रूआँच्या थिएटरात जागा मिळावी, बापाजवळ राहावं आणि त्याचे कान शाबूत आहेत तोवर त्याला आपलं गाणं ऐकवावं.

म्हणून रूआँच्या मॅनेजरांचं, मोस्यू ब्रेमोंतियेंचं, बोलावणं आलं तेव्हा ती अक्षरशः धावत गेली. ब्रेमोंतियेंनी तिचं गाणं ऐकलं, मान डोलावली आणि करार पुढं करता करता सहज विचारलं, "मूळच्या कुठल्या आपण?"

"इथल्याच की. रोबेकच्या. प्लासिद ओझू रंगारी माझे वडील."

ब्रेमोंतियेंनी करार परत आपल्याकडे ओढला. "हे कुणाकुणाला सांगितलंत?"

"अजून कुणाला नाही."

"मग सांगूही नका. अहो बाई, आमच्या पिटात कोण असतं? सगळे कापडवाले. तुमचे वडील ज्यांचं कापड रंगवतात ते! तुम्ही राणी होऊन आलात, तर त्यांना मुकुट दिसायचा नाही, तुमची नखं बघतील ते. आधीच मेले हट्टी. रंगाऱ्याच्या पोरीला मुद्दाम पाडतील आणि वर म्हणतील, आमच्याच हौदावरची पोर, तिनं आम्हाला गाणं ऐकवायचं? नाही, नाही. तुम्ही पॅरिसच्या. मादाम सेर्वाल. नाव बरं आहे की नाही?"

तिनं घरी येऊन बापाला हे सांगितलं तेव्हा तिला बोलताना लाज वाटत होती. प्लासिदला काहीच वाटलं नाही. "धंद्याची गोष्ट आहे ती," तो म्हणाला. "मीही गिऱ्हाइकाला कुठं सांगतो हौदात काय काय घालतो ते? तू सेर्वाल तर सेर्वाल. मला ऐकायला मिळाल्याशी कारण."

रोबेकवर तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण रोबेकवरचं बोलणं वरच्या गावात चढत नसे. वरची माणसं खाली कापड पाठवत, गप्पा मारायला येत नसत. ओनोरीननं वरच्या गावात एक खोली घेतली. बापाकडे यायची ती मागच्या बोळानं, तोंडावर जाळी ओढून. आपल्याच गावात आपल्याच घरी चोरासारखं यायचं! पण म्हटलं, तीन रात्री निभल्या की बघू.

पहिली रात्र बरी गेली. ननचं काम होतं. पहिल्या रात्री रूआँचे लोक टाळीही देत नाहीत आणि शिट्टीही. नुसते हात बांधून बघतात. प्लासिद त्या दिवशी आला नाही, मोठं काम हौदात होतं. तो आला दुसऱ्या रात्री. आणि एकटा नाही आला. आपल्या खर्चानं तिकिटं काढून सगळ्या कामगारांना घेऊन आला, शेजारचे दोन हौदवालेही आणले. आधी सगळ्यांना एकेक पेला सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, पाजली. वरच्या गॅलरीत ही सगळी निळ्या-तांबड्या हातांची मंडळी दाटीवाटीनं बसली.

पडदा वर गेला. ओनोरीन विधवा राणी होऊन पायऱ्या उतरत आली. तिनं अजून तोंडही उघडलं नव्हतं, आणि वरून टाळ्यांचा असा कडकडाट झाला की वाद्यवृंदाचे मास्तर दचकून मागं वळले. प्लासिदचा मुकादम इझिदोर आडदांड गडी, त्यानं बाकावर उभं राहून आरोळी ठोकली, "वाऽऽ! याला म्हणतात राणी!"

झालं! रूआँच्या पिटाला जगात एका गोष्टीचा तिटकारा, तो म्हणजे भाडोत्री टाळ्या. पॅरिसला थिएटरवाले पैसे देऊन टाळ्या वाजवणारे बसवतात, आमच्याकडे असलं चालत नाही, अशी त्यांची शेखी. गाण्याआधी टाळ्या म्हणजे भाडोत्रीच, दुसरं काय? सगळ्या पिटानं एकदम माना वर केल्या.

"ए, किती मिळाले रे माणशी?"

"खाली या, आम्हीही देतो थोडे!"

"पॅरिसची बाई दिसतेय! टाळ्यावाले सोबत घेऊनच फिरते!"

आणि मग किल्ल्या निघाल्या. रूआँत शिट्टी तोंडानं वाजवत नाहीत. घराच्या दाराची पोकळ दांड्याची किल्ली ओठाला लावून फुंकतात, आणि तो आवाज दातांत कळ आणतो. सगळ्यांत मोठी किल्ली होती मोस्यू लकाशूंची. सुती कापडाचे बडे व्यापारी, पोट पुढं, आवाज त्याहून पुढं. पिटात ते मान हलवतील तशा बाकीच्यांच्या माना हलायच्या. त्यांनी दुर्बीण वर लावली आणि ओरडले, "अरेच्चा! तो तर माझा रंगारी! ओझू!"

ओनोरीन त्या गोंधळात गायली. सूर एकही चुकला नाही, पण ऐकतंय कोण? वरची मंडळी बिचारी गप्प झाली होती. आपण काय गुन्हा केला हे त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या बोळानं घरी आली ती धुमसतच. प्लासिद सूपमध्ये पाव कुस्करत बसला होता.

"बाबा, टाळ्या वाजवायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी सांगायला कशाला हवं? पडदा गेला वर आणि तू दिसलीस. हात थांबेनात बघ."

"पण मी गायले तरी होते का तोवर?"

"गाणारच होतीस की."

तिला हसू आलं आणि रडूही आलं. ती त्याच्यासमोर बाकावर बसली. प्लासिदनं सूपचा वाडगा तिच्याकडे सरकवला आणि समाधानानं म्हणाला, "पण तू काळजी करू नकोस नोरीन. मी सगळं सावरलंय. सकाळी लकाशू आले होते. म्हणाले, ओझू, ती बाई तुझी कोण? म्हटलं, कोण म्हणजे? कुणी नाही. मी ओळखतही नाही तिला."

"मग?"

"मग म्हणाले, तिकिटाला पैसे कुणी दिले? म्हटलं, मी दिले. सगळ्यांची तिकिटं मीच काढली, सायडरसुद्धा मीच पाजली. खोटं कशाला बोलायचं?"

"बाबा!"

"का? काय झालं?"

"अहो बाबा, ओळख ना पाळख, आणि तुम्ही माणसं घेऊन येता, तिकिटं काढता, दारू पाजता! याचा अर्थ काय होतो? त्या बाईनं तुम्हाला पैसे चारले, असाच ना?"

प्लासिदच्या हातातला पाव हातातच राहिला. मग म्हणाला, "मला हे सुचलंच नाही गं. मी आपलं तुझं नाव जपत बसलो." त्याचा चेहरा इतका उतरला की तिला पुढं रागावता येईना. तिनं फक्त एवढंच सांगितलं, की तिसऱ्या रात्री येऊ नका. ना तुम्ही, ना इझिदोर, ना कुणीच. तो म्हणाला, "नाही येत." आणि सूप तसंच ठेवून कामाला उठला.

लकाशूंनी कॅफेत बसून सगळ्या गावाला सांगायचं ते सांगितलं. ब्रेमोंतिये हात चोळत ओनोरीनच्या खोलीवर आले. "बाई, तिसऱ्या रात्री गाणं संपलं की पिट तुम्हाला विचारणार आहे. टाळ्या कुणाच्या म्हणून. मी लकाशूंना भेटून आलो. तुम्ही भर रंगमंचावर सांगा की त्या माणसांचा आणि माझा संबंध नाही. एवढं एक वाक्य. ते किल्ल्या खिशात ठेवतील. माणूस वाईट नाही, नुसता मान द्यावा लागतो त्याला."

"आणि मी खरं सांगितलं तर? ते माझे वडील आहेत म्हणून?"

ब्रेमोंतियेंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तर मग दोन गुन्हे होतील. टाळ्यांचा एक, आणि पॅरिसच्या म्हणून फसवलंत तो दुसरा. त्यांना फसवलं! कापडवाल्यांना! अहो, तुमचं तर जाईलच, पण खोटं नाव मी लावलं, माझंही थिएटर जाईल. आणि तुमच्या वडिलांकडे उद्यापासून कोण कापड पाठवेल, सांगा बरं?"

ओनोरीननं तिसऱ्या रात्रीचा पोशाख उचलला आणि टाके घालायला घेतले.

तिसऱ्या रात्री ती गायली तशी आयुष्यात कधी गायली नव्हती आणि नंतरही कधी गायली नाही. गिरणीवाल्याच्या पोरीचं काम होतं, सोपं, खेळकर. शेवटी पोर घर सोडून जाते तेव्हा एक संथ गाणं. पिट हात बांधून आलं होतं, त्या गाण्याला त्यांचे हात सुटले. एका दाढीवाल्या माणसानं तर चक्क डोळे पुसले. आज बाबा असायला हवे होते, असं तिला गाता गाता वाटून गेलं, आणि आपणच त्यांना येऊ नका म्हणालो याचा तिला पश्चात्ताप झाला.

पडदा पडला, परत उठला, आणि फौजदार पट्टा सावरत पुढं आला. त्यानं घसा खाकरला तोच लकाशू पिटातून म्हणाले, "फौजदारसाहेब, एक मिनिट! बाई गायल्या छान, त्याबद्दल वाद नाही. पण मत देण्याआधी आम्हाला एक कळू द्या. परवाची ती वरची रंगारी मंडळी, ती बाईंची माणसं की नाही?"

"सांगा, सांगा!" पिट ओरडलं.

फौजदार तिच्याकडे वळला. "मादाम?"

पिटाकडे बघायला नको म्हणून तिनं वर बघितलं, आणि वरच्या गॅलरीत, सगळ्यांत मागं, शेवटच्या बाकाच्याही मागं भिंतीला टेकून प्लासिद उभा होता. टोपी काढलेली, पांढरे केस, आणि दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरलेले, पुन्हा चुकून वाजू नयेत म्हणून. शब्द मोडून तो आला होता आणि त्यानं सगळं गाणं ऐकलं होतं.

"मी त्या माणसांना ओळखत नाही," ओनोरीन म्हणाली.

ती हळू बोलली, पण शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय तिला इतक्या वर्षांची. तो पोचला. टाळ्या झाल्या, एकही किल्ली वाजली नाही, फौजदारानं मोठ्यानं सांगितलं, "मादाम सेर्वाल मंजूर!" आणि टाळ्या दुप्पट झाल्या. आता सगळेच वाजवत होते, तेव्हा प्लासिदनंही काखेतले हात काढले आणि वाजवल्या.

पुढची हकीकत सांगायला फार वेळ लागत नाही. मादाम सेर्वाल रूआँला सहा हंगाम गायल्या. दर ऑक्टोबरात तीन रात्री उभ्या राहिल्या आणि दर वेळी पास झाल्या. सातव्या वर्षी वरचा सूर फाटला आणि त्याच पिटानं त्यांना सभ्यपणे, फारशा शिट्ट्या न मारता, पाडलं. पण त्यांनी गाव सोडलं नाही. व्यापाऱ्यांच्या मुलींना गाणं शिकवू लागल्या, त्यात त्यांचं बरं चाललं. कडक म्हणून नाव होतं, आणि आळशी पोरींना त्या फार टाकून बोलत. कापडवाल्यांच्या घरी जेवायला जात, पॅरिसच्या गोष्टी सांगत. वारल्या तेव्हा वर्गणी काढून दगड बसवला तोही लकाशूंच्या मुलानं, आणि त्यावर लिहिलं, मादाम सेर्वाल, पॅरिसच्या गायिका. रोबेकवरची म्हातारी माणसं तो दगड बघायची आणि काही न बोलता पुढं जायची.

म्हणजे ती एका रात्रीची थाप तिला जन्मभर पुरली. लोक म्हणतील, नंतर तरी बोलायचं होतं. एकदा मंजूर झाल्यावर कोण काय करणार होतं? खरं आहे. तिलाही तसंच वाटलं होतं. आणि ती बोलायला गेलीही होती, दुसऱ्याच दिवशी सकाळी.

रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. उजाडल्यावर तिनं अंगावर शाल घेतली, तोंडावर जाळी न ओढता निघाली, आणि मागच्या बोळानं नव्हे, सरळ मोठ्या रस्त्यानं पूल उतरून रोबेकवर आली. रस्त्यात दोघातिघांनी टोप्या काढून "अभिनंदन, मादाम!" म्हटलं. हौदांवरच्या माणसांनी तिला येताना बघितलं आणि माना खाली घातल्या. इझिदोर नेहमी दुरूनच हाक मारायचा. तोही सूत पिळत राहिला. पिळून झालेलं सूत परत पिळत होता तो. तिनं पायरी चढून दार ढकललं.

आत मोस्यू लकाशू उभे होते. त्यांचं कापड तयार झालं होतं. ते खिडकीपाशी धरून उजेडात रंग बघत होते आणि प्लासिद कापडाचं दुसरं टोक धरून उभा होता.

"मादाम!" लकाशू जवळजवळ ओरडलेच. "तुम्ही, आणि या घाणीत? अहो, कशाला आलात इथं?"

"मोस्यू लकाशू," ती म्हणाली. "बरं झालं तुम्ही इथं आहात. मला तुम्हाला सांगायचंय. काल मी ज्यांना ओळखत नाही म्हणाले, ते हे..."

"बाईंना शाल रंगवून हवी आहे," प्लासिद म्हणाला.

तो तिच्याकडे बघत नव्हता. कापडाचं टोक त्यानं नीट घडी करून फळीवर ठेवलं. "माणूस पाठवला होता बाईंनी सकाळी. विचारायला. म्हटलं, घेऊन या."

"असं होय!" लकाशू खूष झाले. "बघ ओझू, नशीब म्हणतात ते हे! परवा तू उगाच टाळ्या वाजवून या बाईंना अडचणीत आणलंस, आणि या आज तुलाच काम द्यायला आल्या. याला म्हणतात मोठं मन. थांबा, मीच ओळख करून देतो. मादाम, हा प्लासिद ओझू. डोक्यानं जरा कमी आहे, पण रूआँत याच्यासारखा निळा रंग कुणी देत नाही. ओझू, या मादाम सेर्वाल."

प्लासिदनं हात अंगरख्याला पुसला, पुढं करायला गेला, मग हाताकडे बघितलं आणि मागं घेतला. नुसती मान लववली.

"नमस्कार, बाई," तो म्हणाला.

ओनोरीन तोंड उघडून उभी होती. एक "बाबा" म्हटलं की झालं असतं. प्लासिदनं तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं, आणि लकाशूंना दिसणार नाही अशी बारीकशी मान हलवली. नको. मग दोन्ही हात पुढं केले.

तिनं खांद्यावरची शाल काढली आणि त्या हातांवर ठेवली. शाल नवी होती, रंग कुठंही उतरलेला नव्हता. त्यानं ती उलटून सुलटून बघितली, कुठल्याही गिऱ्हाइकाची बघावी तशी, कड बोटांत धरून लोकर चोळून पाहिली.

"कुठला रंग द्यायचा, बाई?"

"तुम्हाला बरा वाटेल तो," ती म्हणाली.

"निळा देतो. गुरुवारी या," प्लासिद म्हणाला, आणि शाल हातावर टाकून आत हौदाकडे गेला.